वेणी घातलेला दोर आणि कापलेलं पान

सत्त्याण्णव साली मी पुण्याहून सकाळची एसटी पकडली, तेव्हा ऑफिसात देवीच्या दर्शनाला जातोय असं सांगितलं होतं. खरं कारण पिशवीत होतं. भुताच्या गोष्टींचं एक जुनं पुस्तक.

ते कोल्हापूरच्या एका वाचनालयाचं. लहानपणी सुट्टीत मलकापूरला मावशीकडे गेलो होतो, तेव्हा तिनं आणलेलं आणि मी पळवलेलं. त्यातल्या एका गोष्टीत एक बाई विहिरीतून बादली ओढते, तर वर येणाऱ्या दोराला कुणीतरी वेणी घातलेली असते. बाई काठावरून वाकते, आणि पुढचं पानच नाही. त्यानंतर बावीस वर्षं मी एकाही विहिरीत डोकावलो नव्हतो. शेवट कळला की भीती जाईल, एवढीच आशा होती.

कोल्हापूरच्या स्टँडसमोर मिसळ मागवली. "कट जरा कमी घाला," वरच्या तिखट रश्श्याकडे बघत म्हटलं.

"मग शिरा खावा की पावणं," वाढणारा म्हणाला. मी इरेला पेटून दोनदा कट घेतला आणि नाक पुसत रिक्षात बसलो.

वाचनालय कसबा बावड्याच्या रस्त्यावर होतं. कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेल्या एक अक्का ते चालवत होत्या. मी पुस्तक पुढे ठेवून शेवटचं पान फाटल्याची तक्रार केली.

"फाटलं न्हाय, मीच कापलंय की," अक्का शांतपणे म्हणाल्या. "शेवट घरी दिला तर पुस्तक परत कोण आणणार हाय? पुस्तक द्यायचं, हितं बाकावर बसून पान वाचायचं. तुम्ही लई उशीर केला."

त्यांनी बिस्किटांच्या डब्यातून पान काढलं. बाकावर साखर कारखान्यातले एक फिटर बसले होते. ते म्हणाले, "वाचू नका पावणं. मी वाचलं आणि पस्तावलो."

मी वाचलं. विहिरीतल्या पायरीवर त्या बाईचा दीर लपला होता. वहिनीची गंमत करायला दोर गुंफून तो खो खो हसत होता. एका दिरापायी माझी बावीस वर्षं गेली होती.

"लोकं भुताच्या गोष्टी कापलेल्या पानापर्यंतच वाचत्यात," अक्का म्हणाल्या. "त्याच्यापुढं नुसता दीरच असतोय."

परतीच्या वाटेवर एसटी एका विहिरीपाशी थांबली. मुद्दाम उतरून डोकावलो. खाली पाणी होतं, एक बेडूक होता. बस्स.

घरी बायकोला गोष्ट वेणीपर्यंत सांगितली. "पुढं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "पान फाटलंय."

तेव्हापासून गच्चीवरच्या टाकीचं झाकण ती उघडत नाही, मलाच पाठवते. मी उघडतो, आत हात घालतो, आणि मला काहीच वाटत नाही. याचं फार वाईट वाटतं.