चुकीच्या बसने नेलं तिथे

तेव्हा मी जेमतेम साठीची होते, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. आत्मविश्वास मात्र आधीच येऊन बसला होता. नाताळ नुकताच झाला होता. हडपसरच्या आमच्या चर्चमधल्या पाळकसाहेबांनी मला तरुण संघाच्या मुलींशी लग्नाआधीच्या पावित्र्याविषयी बोलायला सांगितलं आणि मी बायबलच्या आधी फराळाचा डबा उचलला. त्यातली एक करंजी मुलींच्या हातात दिली आणि प्रत्येकीनं जराशी दाबून पुढे द्यायला सांगितली. शेवटच्या मुलीपर्यंत तिचा चुरा झाला, सारण सतरंजीवर. मग मी नाटकी आवाजात विचारलं, "आता ही कोण घेईल ताटात?" मुली खिदळल्या. दृष्टान्त देण्यात प्रभूनंतर आपलाच नंबर, अशा थाटात मी घरी गेले.

रूथ तेवढी हसली नव्हती. ती यवतमाळकडची, नोकरीसाठी पुण्यात आलेली. कर्वेनगरला मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची आणि बस बदलत इतक्या लांब आमच्याकडे उपासनेला यायची. सतरंजीवरचं सारण तिनंच गोळा केलं. मी पाहिलं आणि मनात म्हटलं, गुणाची पोर आहे. त्यापलीकडे मला काही दिसलं नाही.

पुढच्या रविवारी ती आली नाही. उपासना संपताना मला तिच्या मैत्रिणीचा फोन आला. रूथ सकाळीच बाहेर पडली होती, मोबाइल खोलीवर ठेवून. एका मुलानं लग्नाचं वचन देऊन तिला जवळ केलं होतं आणि आता तो तिला टाळत होता. माझ्या त्या करंजीपासून ती धड जेवतही नव्हती. आपण आता देवालाही नकोशा झालो, असं म्हणत होती. मैत्रीण हळूच म्हणाली, "आजी, मला फार भीती वाटतेय."

पाळकसाहेबांनी पोलिसांना कळवलं, तरुण संघातली मुलं दुचाक्या घेऊन निघाली. मला सगळ्यांनी घरी बसायला सांगितलं. मी कुणाचं ऐकते थोडीच. निदान तिच्या खोलीवर जाऊन बसावं म्हणून कर्वेनगरला निघाले. इतकी वर्षं स्त्रियांच्या सभेत मी लांबलचक प्रार्थना केल्या, बायका चुळबुळ करेपर्यंत. त्या दिवशी एक वाक्य जुळेना. बस कालव्यावरून गेली तेव्हा मी खाली पाहिलं नाही. स्वारगेटला उतरले आणि पाटी न वाचताच समोरच्या बसमध्ये चढले. बरंच पुढे गेल्यावर कळलं, आपण बिबवेवाडीत आलोय. पोर कुठे आहे पत्ता नाही आणि ही म्हातारी स्वतःच हरवलेली. रडू आवरेना. तिथेच उतरले आणि एवढंच म्हटलं, "प्रभू, माझ्याच्यानं काही होत नाही. तूच बघ."

घेरी येत होती. समोर पिको-फॉलचं एक लहानसं दुकान होतं, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. पाणी मागितलं. मशीनवरच्या बाईंनी मला स्टूल दिलं आणि आत आवाज दिला, "बाळा, मावशींना पाणी आण गं."

पाणी घेऊन आली ती रूथ.

तो मुलगा जवळच राहत होता. त्यानं दारातूनच तिला परत पाठवलं होतं. रस्त्यात मधोमध ती सुन्न उभी राहिलेली पाहून या बाईंनी तिचा हात धरून दुकानात आणलं होतं. काही विचारलं नव्हतं. जेवायला घातलं आणि साड्यांच्या घड्या करायला बसवलं. जे काम मी करायला हवं होतं, ते तिचं नावगावही माहीत नसलेल्या बाईनं केलं होतं.

बसल्या जागी मी रूथचा हात धरला आणि म्हणाले, "मी देवाच्या नावानं तुला घाबरवलं. ते बोलणं त्याचं नव्हतं, माझं होतं." ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून किती तरी वेळ रडली.

ती चुकीची बस कुणी समोर आणून उभी केली, यावर मी वाद घालत नाही. मी फक्त आभार मानते, रोज. देहाची जवळीक लग्नासाठी राखावी, हे मी आजही मानते आणि नातवंडांनाही न लाजता सांगते. पण माणसाला राखणं माझ्या हातात नाही, ते प्रभूच्या हातात आहे, हे त्या स्टुलावर बसून शिकले. तो धाक घालत नाही. शोधत येतो, आणि माझ्यासारख्या शहाणीलाही सोबत ओढत नेतो.

पुढच्या वर्षी पाळकसाहेबांनी पुन्हा त्याच विषयावर बोलायला सांगितलं. मी साफ नाही म्हटलं. रूथ शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "बोला ना आजी. लग्नापर्यंत का थांबायचं ते जरूर सांगा. पण ज्यांना थांबता आलं नाही त्यांनी कुठे यायचं, ते आधी सांगा."