मापावरची शीग

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. एका केकचं काय एवढं, असं म्हणून ऐकणारा हसेल, ही भीती होती. पण तो केक माझ्या सुनेचा होता, आणि तो मी बिघडवला होता.

तेव्हा मुलगा-सून आमच्यासोबत बालाघाटलाच राहत. सुनेचं माहेर हिंदी बोलणारं. मराठी ती आमच्याकडे येऊन शिकली, तीही माझ्या बायकोची, गावाकडची. ओव्हन आल्यापासून ती केक करायची आणि ते सुरेख व्हायचे. शेजारच्या बाईंनी नातवाच्या पहिल्या वाढदिवसाचा केक तिलाच सांगितला. बाहेरचं पहिलंच काम. हे जमलं तर पुढेही ऑर्डरी घेईन, असं ती म्हणाली होती. सासूला नव्हे, मला.

नेमकी त्या दिवशी तिची मुलगी तापली. मांडीवरून उतरेना. सुनेनं आतूनच सांगितलं, बाबूजी, तेवढं मैदा आणि बेकिंग पावडर मोजून ठेवा. किती कप, किती चमचे, तेही सांगितलं. ओट्यावर कपाजवळ एक चाकू होता. तो कशाला, मला कळलं नाही. मी तो बाजूला सारला.

मी राजेगावकडच्या शेतकरी घरातला. खळ्यावर धान मोजताना आई माप भरून वर ओंजळीनं शीग चढवायची, दाणे कडेनं ओघळेपर्यंत. मापावरून हात फिरवून ते सपाट करणारा आमच्यात चिकट समजला जाई. आयुष्य सरकारी नोकरीत गेलं तरी हात तोच राहिला. मैदा मी कपात चेपून भरला आणि वर शीग दिली. पावडरचे चमचेही तसेच. पोरीचं पहिलं काम आहे, काही कमी पडू नये, एवढंच मनात होतं.

केक निघाला तो वर फुगून फाटलेला. सून त्याच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बाबूजी, कप भरल्यावर चाकूनं वरचं काढलं होतं नं?"

चाकू कशासाठी होता ते मला तेव्हा कळलं.

"हौ," मी म्हणालो.

दुपारच होती. दुसरा केक करायला वेळ होता, मैदाही होता. खरं बोललो असतो तर तिनं हसून पुन्हा पीठ कालवलं असतं. पण तोंडातून निघालेला तो हौ मला परत घेता आला नाही. तिनं ओव्हन जास्त तापला असेल म्हटलं, भेगा क्रीमनं बुजवल्या आणि केक पोचवला.

संध्याकाळी बायको तिकडून आली ती चिडूनच. केक कापता कापेना, पोरानं घास थुंकला, चव कडू होती. "सारे माह्या तोंडाकडे पाहत होते," ती सुनेला म्हणाली. "घरच्यापुरतं कर म्हटलं होतं तुले. दुकान लावाले निघाली." मी पेपर वाचत होतो. म्हणजे, पेपर समोर धरला होता.

पुढे सुनेनं पुन्हा करून पाहिलं. माप बरोबर होतं असं मीच सांगितलेलं, म्हणून ती दोष ओव्हनमध्ये शोधत राहिली. आच कमी केली, तर केक मधे कच्चा राहिला. आणखी कमी केली. मी दारातून बघत होतो. काय चुकतंय ते घरात मला एकट्याला माहीत होतं आणि माझी जीभ उचलत नव्हती. मग एक दिवस तिनं ओव्हनवर कापड घातलं. मुलाची बदली गोंदियाला झाली तेव्हा ओव्हन इथंच राहिला. आता बायको त्यावर कांद्याची टोपली ठेवते.

यंदा माझ्या वाढदिवसाला त्यांनी गोंदियाला बोलावलं. आज सांगायचंच, असं बसमध्ये ठरवून गेलो. सुनेनं डबा उघडला. दुकानातला केक होता.

"बाहेरून आणला, बाबूजी," ती म्हणाली. "मले कुठं जमते."

तिनं घास माझ्या तोंडाशी धरला. मी तो खाल्ला आणि चांगला आहे म्हणालो. चाकू मी वापरलाच नव्हता बेटा, तुझं काही चुकलं नव्हतं, मला माफ कर, एवढंच बोलायचं होतं.