रुसलेल्यांची छापील यादी

चहा येईपर्यंत एक ऐकून घ्या. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, शेवटी हसलात की मला फार लागतं. आमच्या सुमीच्या लग्नात मी जो घोळ घातला ना, तसा घोळ घालायला माणूस अडाणी असून चालत नाही. त्याला चांगलं शिकलेलं लागतं!

नव्वदीची सुरुवात असेल. मी जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजात कॉम्प्युटरची खोली म्हणजे देवघरच, चपला बाहेर काढून आत जायचं. त्या वर्षी आम्हाला कृत्रिम बुद्धिमत्तेचा पेपर होता आणि त्यात तर्कशास्त्र. 'आणि', 'किंवा', 'जर-तर', 'सगळ्यांसाठी', 'निदान एक तरी'. सर म्हणायचे, जगातली कुठलीही गोष्ट एवढ्यात मांडता येते. प्रोलॉग नावाची भाषा होती. तिला खरी माहिती द्यायची, नियम सांगायचे आणि प्रश्न विचारायचा. उत्तर ती स्वतः काढते. मला तर वाटायला लागलं, आता घरात मोठी माणसं असायची काही गरजच नाही!

अशी हवा डोक्यात घेऊन मी गावी आलो. गाव आमचं धरणगावजवळ. सुमीचं लग्न आठ दिवसांवर आलेलं, आणि आमचे नाना, म्हणजे वडील, ओट्यावर कपाळाला हात लावून बसलेले.

"काय झालं नाना?"

"कोण रुसना, कोण नही रुसना, काहीच समजत नही रे!"

आता हे तुम्हाला सांगायला हवं. आमच्याकडे लग्नाआधी रुसलेल्या भाऊबंदांना मनवायला जावं लागतं. घरचा कर्ता माणूस नारळ घेऊन दारात जातो, चूकभूल झाली म्हणतो, लग्नाला या म्हणतो. नाही गेलं, तर एक मोठा माणूस घरी बसतो आणि त्याच्या मागे त्याची सगळी गल्ली बसते. व्याही धुळ्याचे, मोठी माणसं. मुलीच्या मांडवात भाऊबंदच दिसले नाहीत तर ते काय म्हणतील? सुमीला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. नानांना त्याचीच धास्ती होती.

मी छाती पुढे काढली. "नाना, तुम्ही फक्त नारळ आणा. यादी मी काढतो. कॉम्प्युटरवर!"

नियम सोपा होता. साखरपुड्याला जो आला नाही, तो रुसला. झालं! भाऊबंदांची चाळीस घरं, त्यांच्या कर्त्यांची नावं मला पाठ. साखरपुड्याला मी कॉलेजात होतो, म्हणून कोण कोण आलं होतं तेवढं हवं होतं. आई धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, बिबड्यांचे पापड वाळत घालत होती. मी खाली अंगणात वही घेऊन उभा.

"आई, साखरपुड्याला कोण कोण आलं होतं?"

"पहिले मोठे आबा उनात. पण ते..."

"पण-बिण नको! आले की नाही एवढंच सांग. बाकीचं मशिनला कळत नाही."

तिनं एकापाठोपाठ नऊ नावं सांगितली. तेवढ्यात शेजारची बकरी चढली धाब्यावर, आणि ज्वारीच्या ओल्या बिबड्यांत तिनं तोंड घातलं. "हाड! हाड! थांब रे, बाकीना मंग सांगस!" म्हणत आई तिच्यामागे धावली.

आणि मी? मी वही मिटली हो!

दुसऱ्या दिवशी जळगाव गाठलं. चाळीस नावं, नऊ हजेऱ्या आणि एक नियम, सगळं टाकलं. आता प्रोलॉगची एक खोड आहे. तिला जे सांगितलं नाही, ते तिच्या लेखी खोटं. 'मला माहीत नाही बुवा' असं ती कधी म्हणत नाही. सरांनी दोन तास हेच शिकवलं होतं. मी पहिल्या बाकावर होतो!

प्रिंटर करकरला आणि यादी बाहेर आली. एकतीस नावं!

नानांनी ती कडेला भोकं भोकं असलेली लांबलचक पट्टी हातात धरली. "एकतीस? बठ्ठं गावच रुसनं की!" मग एकदा कागदाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "छापील शे म्हणजे खरंच असीन." आणि एक पोतं नारळ आणायला गेले.

पहिलं घर नथूकाकांचं. नारळ बघून ते गडबडले.

"मी कधी रुसनू? साखरपुडाले मी वाढाले व्हतू ना!"

मी नानांच्या कानात कुजबुजलो, "रुसलेले सगळे असंच म्हणतात." काय अक्कल माझी! नानांनी आणखी हात जोडले. तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला. "आता एवढे मनवायला आलेत, तर काहीतरी झालं असेल ना? त्यांच्या गोठ्याचं पाणी आपल्या अंगणात नव्हतं का आलं?" नथूकाकांचा चेहरा हळूहळू बदलला. "हां... ते तर शेच!" आणि बघता बघता चांगला हसता माणूस आमच्यासमोर रुसला. त्याला मनवायला अर्धा तास गेला.

चौथ्या घरापर्यंत बातमी आमच्या पुढे धावायला लागली. लोक खाटेवर तोंड फुगवून तयारच! कुणाला दहा वर्षांपूर्वीची कढी आठवली, कुणाला विहिरीवरचा दोर. दुपारी यादीत नसलेले दोघे घरी येऊन बसले. आमचं नाव कसं नाही, आम्ही काय रुसायच्या लायकीचे नाही का? त्यांनाही मनवलं. नारळ संपले, मग गुळाच्या ढेपेवर आलो. सुमी कोपऱ्यात बसून रडायला लागली, "दादा, माझं लग्न होऊ दे रे फक्त." खरं सांगतो, त्या क्षणी कॉम्प्युटर विहिरीत टाकावासा वाटला.

संध्याकाळी नाना ओट्यावर टेकले आणि यादीचं शेवटचं नाव वाचलं. बराच वेळ वाचत राहिले.

"काय रे, हाई तर मीच शे! मी मन्हावरच रुसनू का?"

बरोबरच होतं. साखरपुड्याला नाना आले होते, हे आईनं कशाला सांगितलं असतं?

तेवढ्यात अंगणात काठी आपटली. मोठे आबा! नानांचे चुलतभाऊ, भाऊबंदांत सगळ्यांत वडील, ज्यांच्या मागे अख्खी खालची गल्ली चालते. तरातरा चालत आलेले, घामाघूम, लालबुंद.

"बठ्ठासले मनावं! नथूले बी मनावं! मी काय मरी गऊ का?"

नाना उभेच राहिले. "आबा, तुम्ही रुसनात? तुम्ही तर साखरपुडाले..."

"उनू व्हतू! पण जेवनू का? मानाना पहिला नारळ दुसऱ्याले दिधा, मी तसाच उठी गऊ!"

आईनं माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. ती 'पण ते' म्हणाली होती ना, ते हे होतं! तीस घरं फिरलो आणि जे एकमेव खरोखर रुसले होते, तेच यादीत नव्हते.

पण माझी आई हुशार. गार पाण्याचा तांब्या आणला आणि आबांच्या हातात दिला. आबा तणतणत होते, घसा सुकलेला, तांब्या तोंडाला लावला आणि गटागटा प्यायले. अर्ध्यावर एकदम थांबले. आमच्याकडे ज्याच्यावर रुसायचं, त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही. पाणी प्यायलं की रुसवा संपला. आबांनी तांब्यात बघितलं, आईकडे बघितलं.

"पानी पिनूच शे," आबा म्हणाले, "तं आता चहा बी ठेव."

हुश्श! सुमी आत पळाली ती चहा ठेवायलाच. नानांनी डोळे पुसले आणि मीही पुसले, खोटं कशाला बोलू? चहा पिताना मी आबांना माझी चूक समजावली. "आबा, नियम असा हवा होता. जो आला, पण जेवला नाही, तो रुसला." आबांनी तो माझ्याकडून तीनदा म्हणून घेतला. मला बरं वाटलं, म्हाताऱ्यालाही तर्कशास्त्राची गोडी आहे!

लग्न दणक्यात झालं. सगळ्यांत पुढे आबा, मागे खालची गल्ली. तीस मनवलेले आले, यादीबाहेरचे दोघे आले. धुळ्याचे व्याही म्हणाले, "भाऊबंद असावेत तर असे!" मी दिवसभर वाढत होतो, पळत होतो. शेवटची पंगत उठली तेव्हा मांडवामागे एका पोत्यावर बसलो. मन कसं हलकं झालं होतं.

समोर काठी आपटली. आबा.

"लग्नाले उना का?"

"आलो ना आबा, हा काय!"

"जेवना का?"

"नाही अजून, वेळच कुठे..."

"मंग रुसना!" आबा गरजले. "नाना, नारळ आण! पोऱ्या रुसना!"

झालं! नाना नारळ घेऊन धावले. त्यांच्यामागे चाळीस घरचे भाऊबंद रांगेनं आले, हात जोडून. धुळ्याचे व्याही घाबरले, नवरीचा भाऊ रुसला म्हणजे आमचंच काही चुकलं असणार, आणि टोपी-टॉवेल घेऊन आले. मी बोंबलतोय, "अहो, मी रुसलेलो नाही! शप्पथ नाही रुसलो!"

नथूकाका व्याह्यांच्या कानाशी लागले आणि मोठ्यानं म्हणाले, "रुसनेले बठ्ठा असंच म्हणतंस."

मला मधोमध बसवून पाच बट्ट्या खायला घातल्या, तुपात बुडवून. तेव्हापासून कुठल्याही लग्नात मी पहिल्या पंगतीला जाऊन बसतो. लोक म्हणतात, काय हावरा माणूस आहे! म्हणू दे. मला पुन्हा रुसायचं नाही.