मी पाडलेला दरवाजा

सकाळचे अकरा. महापालिकेतल्या साहेबांची केबिन, पंखा बंद, चहा गार. शहरातला एक जुना दरवाजा मी तिथं खुर्चीत बसून पाडला. कुदळ न लावता. हसू नका, आधी ऐका.

दरवाजा आमच्या गल्लीच्या तोंडाशी होता. दगडी कमान, खिळे ठोकलेली दोन लाकडी कवाडं. आमची ही, सुधा, कॉलेजात असताना कन्नडहून एसटीनं यायची आणि त्या कमानीच्या सावलीत माझी वाट बघायची. मी कायम उशिरा. रस्ता रुंद करायला तो पाडणार अशी कुणकुण लागली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आयुष्यभर गावासाठी भांडलात. एकदा माझ्यासाठी भांडा."

आता मला भांडायला सांगायचं म्हणजे! कॉलेजात तर्कशास्त्र घेतलेला, वर बातमीदार. गेलो तरातरा.

साहेब शांत माणूस. म्हणाले, जुने दरवाजे संरक्षित आहेत, पण रस्ताही हवा, बघू. अहो, 'बघू' म्हणाले होते! तिथंच उठलो असतो तर कमान आजही उभी असती. पण मला वाद जिंकायचा होता ना!

म्हटलं, "साहेब, आधी दरवाजा म्हणजे काय ते सांगा."

"ज्यातून आत-बाहेर जाता येतं तो."

"आत म्हणजे कुठं?"

"गावात."

"गावाभोवतीचा कोट कधीच पडला. गाव आता दोन्हीकडं आहे. मग आत कुठलं नि बाहेर कुठलं? तुमच्या व्याख्येनं तर तो दरवाजाच नाही!"

डाव असा, की साहेब ओशाळतील आणि म्हणतील, व्याख्या चुकली, दरवाजा खरा. समोरच्याचं म्हणणं ताणून हास्यास्पद करायचं, हे तर्कशास्त्राच्या सरांनी शिकवलं होतं. समोरच्याला हसूच आलं नाही तर काय करायचं, हे शिकवायचं राहिलं.

साहेबांनी कारकुनाला हाक मारली. "लिहून घ्या. तो दरवाजा नाही. पत्रकारसाहेबांनीच पटवून दिलंय."

मी म्हटलं, अहो, मी उलट बोलतोय. साहेब म्हणाले, मग चूक कुठं आहे ती दाखवा. आणि खरं सांगतो, मला दाखवता येईना. तर्क सरळ होता. सावलीत उभी असलेली सुधा तेवढी त्यात कुठं बसत नव्हती.

जो दरवाजाच नाही, त्याला संरक्षण कसलं? आठवड्यात जागा सपाट.

सुधा भांडली नाही. भाकरी वाढताना म्हणाली, "लई छान बोललात म्हणं."

आता गंमत बघा. कमान गेली, तरी रिक्षावाले विचारतात, "दरवाजे के पास ना, चाचा?" भाजीवाली अजून 'दरवाज्यात' बसते. कुणाचं काही अडत नाही. परवा सुधा बाजारात होती. तिनं फोनवर विचारलं, थांबू कुठं? माझ्या तोंडून गेलं, "दरवाज्यापाशी."

ती म्हणाली, "तिथं आता ऊन असतं हो."

पोचलो तेव्हा डोक्यावर पदर घेऊन भर उन्हात उभी होती. मी उशिराच.

ती दोन कवाडं ट्रकमध्ये चढताना मी डोळ्यांनी पाहिलीत. कुठं गेली, म्हणून कचेरीत जाऊन विचारतो. कारकून अदबीनं माझाच तर्क मला ऐकवतो: "साहेब, दरवाजाच नव्हता, तर कवाडं कुठली?"

कवाडं कुठं आहेत, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.