बावखल म्हणजे कोण?

डिसेंबर लागला की सकाळी आमच्या घरामागचं बावखल दिसेनासं होतं. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडावं तर समोर नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यातून आधी माडांचे शेंडे वर येतात, मग त्यांच्याही वर, जमिनीशी काही संबंध नसल्यासारख्या, नालासोपाऱ्याच्या उंच इमारती तरंगायला लागतात. पाणी सगळ्यात शेवटी दिसतं. तोवर कुठेतरी खंड्या ओरडून जातो, शेजारच्या ख्रिस्ती घराच्या दारातला नाताळचा तारा धुक्यात पिवळा पेटलेला असतो, आणि हातातला चहा गार होतो. ती, माझी बायको, श्रावणात गेली. तेव्हापासून मी रोज या पायरीवर बसतो. बसून काय करतो, असं कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही. धुकं जायची वाट पाहतो, एवढंच.

आमचं गाव वसईकडे, गास गावाच्या पुढे, बागायती वाड्यांचं. बावखल विहिरीपेक्षा मोठं आणि तळ्यापेक्षा लहान असतं. कधी काळी पूर्वजांनी हातांनी खणलेलं, काठ उतरते ठेवलेले, तळाशी झरे. त्यावर रहाट असायचा आणि रहाटावर सगळी वाडी जगायची: केळी, पानवेली, भाजी, फुलं. आमचं बावखल तीन घरांत मिळून आहे. मी मात्र त्या तीन घरांपैकी कुठलाच नाही. मी साताऱ्याकडचा. वसईच्या एका कॉलेजात मराठी शिकवायला आलो, इथली मुलगी केली. ती एकुलती एक, तिचे वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून लग्नानंतर काही दिवस इथे राहू असं ठरलं. ते काही दिवस कधी संपलेच नाहीत.

लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला आलो तेव्हा ती घरात दिसली नाही, म्हणून सासूबाईंना विचारलं. त्या चुलीपुढून म्हणाल्या, बावखलावर गेलीय. मी मान हलवली. हा कुणी वडीलधारा नातेवाईक असणार, असं मी गृहीत धरलं. संध्याकाळ झाली तरी कुणी ओळख करून देईना, तेव्हा मी नव्या जावयाच्या अदबीनं सासऱ्यांना म्हणालो, "बावखल म्हणजे कोण? त्यांना नमस्कार करायचा राहिला." सासरे हसता हसता खोकायला लागले. ती दाराआड तोंडात पदर कोंबून उभी होती. दुसऱ्या दिवशी तिनं मला काठावर नेलं, माझा हात धरला आणि पाण्याला म्हणाली, हे आमचे हे. पुढे कितीतरी वर्षं गावात कुणी भेटलं की विचारायचं, काय भावोजी, बावखलांची तब्येत बरी ना?

थट्टा तेवढी. एरवी गावानं मला फार जपलं. पण जावई म्हणून जपलं. आमच्याकडे जावयाला आधी चहा मिळतो, मग पाणी; त्याला कुणी ओझं उचलू देत नाही आणि गावच्या कामात त्याला कुणी मत विचारत नाही. पाहुण्याला घरातली भांडणं सांगत नाहीत, तसंच ते. मला ते बरंच होतं. माझ्या पुस्तकांना आणि माझ्या गप्प राहण्याला ती व्यवस्था मानवली. गावाचं जे काही असेल ते ती बघायची. सभेला ती जायची, पंचायतीत ती भांडायची. आता पंचायत नाही, महापालिका आली, प्रभाग कार्यालय आलं, पण आमचे लोक अजूनही पंचायतच म्हणतात. घरपट्टी पंचायतीत भरतात आणि नळाला पाणी आलं नाही की पंचायतीला शिव्या देतात.

नळ आला तेव्हाच बावखलाचं काम संपलं, हे खरं आहे. रहाट तर केव्हाच गेला होता. पंप गंजला. वाडी अर्धीच उरली आणि पाण्यावर जलपर्णीची जाड हिरवी चादर पसरली. गेल्या पावसाळ्यात गावात डेंग्यू आला. माझ्या चुलत मेव्हण्याची नात त्यात फार दिवस दवाखान्यात होती. तिच्या उशाशी बसून तो म्हातारा झाला. घरी आल्यावर त्यानं प्रभाग कार्यालयात बावखलातल्या डासांची तक्रार केली. त्याच्या जागी मी असतो तर मीही केली असती.

नाताळच्या आधी एका संध्याकाळी तो मागच्या दारानं आला, पायरीवर माझ्याशेजारी बसला. मग म्हणाला की पंचायतीची माणसं येऊन बघून गेली. राडारोड्याचे ट्रक येतील, फुकटात भरून देतील. वर सपाट झालं की गाड्या लावायला जागा होईल, पोरं खेळतील. दोन घरं तयार आहेत. तिसरं घर माझं, म्हणजे तिचं. समाजहॉलमध्ये बैठक आहे, तिथे आक्षेप आहे का असं विचारतील. "तुम्ही काय बोलायची गरज नाय, भावोजी," तो म्हणाला. "नुसते येऊन बसा."

तो गेल्यावर मी पाण्याकडे पाहत राहिलो. ती याच्यात पोहायला शिकली होती. या काठावर तिनं केळीची पानं धुतली, आजारी आईचे कपडे धुतले. शेवटच्या वर्षात पायऱ्या उतरवेनात तेव्हा दारात खुर्ची टाकून नुसती बघत बसायची. तिच्या फोटोला मी हार घालतो, पण फोटोशी बोलत नाही. बोलायचं झालं तर मी इथे येऊन बोलतो. ट्रक आले की मी कुठे जाऊन बोलणार होतो, ते मला ठाऊक नव्हतं. आणि त्या नातीचा तापलेला चेहराही मी पाहिला होता.

बैठकीच्या दुपारी समाजहॉलच्या दारांतून थंड ऊन आत येऊन जमिनीवर लोळत होतं. महापालिकेचे अभियंता साहेब तरुण होते, बोलण्यावरून मराठवाड्याकडचे वाटले, स्वेटर घातलेले. शेजारी आमचे माजी नगरसेवक बसले होते. माजी झाल्यापासून ते सगळ्यांना आधी नमस्कार करतात. मला पुढच्या रांगेत बसवलं आणि आधी चहा आणून दिला. अभियंत्यांनी कागद वाचला. त्यात लिहिलं होतं, घरांच्या मागे पाणी साचलेला खड्डा, आरोग्यास बाधक, भरून मिळावा.

मग एकेकजण बोलायला लागला, आणि मला एक विचित्र गोष्ट जाणवली. कुणीच बावखल म्हणत नव्हतं. मेव्हणा म्हणाला, "साहेब, सदर खड्डा अत्यंत घाण झालेला आहे." त्याची सून म्हणाली की खड्ड्याला कुंपणही नाही. ज्यांना भरायचं नव्हतं तेसुद्धा म्हणाले की खड्डा जुना आहे, राहू द्यावा. ही माणसं घरी वेगळीच बोली बोलतात. लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला ती नीट बोलता येत नाही. पण साहेबापुढे उभी राहिली की अंगावरचे घरचे कपडे बदलावेत तशी ती भाषा बदलतात. बावखल हा घरचा शब्द. तो साहेबापुढे कसा न्यायचा? म्हणून त्यांनी त्याचं शुद्ध मराठी केलं होतं. माझ्या मराठीत त्याला दुसरा शब्दच नाही, म्हणून खड्डा. आणि एकदा खड्डा म्हटल्यावर तो साहेब तरी काय करणार? हिवाळा हा खड्डे भरायचाच मोसम असतो.

माझी काकी, म्हणजे तिची चुलती, मागे बसली होती. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई. तीसुद्धा उठून म्हणाली, त्या खड्ड्यात माझं लगीन झाल्यावर मी पहिला हंडा भरला. साहेबांनी आदरानं मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं. त्यांच्या डोळ्यांसमोर काय उभं राहिलं असेल, याची मला कल्पना येईना.

आक्षेप नाही ना, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी उभा राहिलो. जावई उठला म्हणजे तो घरी निघाला, असंच सगळ्यांना वाटलं असावं. मेव्हण्यानं बाजूला होऊन वाटही करून दिली.

"तो खड्डा नाही," मी म्हणालो. "ते बावखल आहे."

साहेबांनी विचारलं, "बावखल म्हणजे?"

मागून कुणीतरी खुसकन हसलं. त्या एका प्रश्नावर आमच्या गावानं एक आख्खी पिढी हसून काढली होती. पण मला उत्तर देता येईना. आयुष्यभर वर्गात शब्दांचे अर्थ सांगितले, आणि या एका शब्दाशी अडलो. तेव्हा काकी बोलली. ती तिच्या बोलीत बोलली. मला तशी लिहिता येत नाही, म्हणून माझ्या मराठीत सांगतो. ती म्हणाली, "खड्ड्यात वरून पाणी पडतं, बाबा. बावखलात खालून येतं."

आणि मग जणू कुणी बांध फोडला. सगळे आपापल्या बोलीत एकदम बोलायला लागले. कुणाचा रहाट कुठल्या बाजूला होता, कुठल्या उन्हाळ्यात सगळ्या गावच्या विहिरी आटल्या पण हे आटलं नाही, कोण त्यात पडला आणि कुणी काढला. साहेब एकाकडून दुसऱ्याकडे बघत होते. त्यांना अर्धं कळत असेल. शेवटी मेव्हणा त्याच बोलीत म्हणाला, "सगळं खरं. पण माझी नात परत तापानं पडली तर तुम्ही येणार का उशाशी बसायला?"

मलाच काहीतरी म्हणायला हवं होतं, कारण मी उठलो होतो. मी म्हणालो की साफ करू. गप्पी मासे सोडू. मी स्वतः उतरेन. मेव्हण्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"पोहायला येतं का तुम्हाला?"

"नाही."

"मग काय पुस्तकावर बसून तरंगणार?"

हॉल हसला. काकी मात्र हसली नाही. "उतरशील ना रे नक्की?" तिनं मला विचारलं. आजवर ती मला जावईबापू म्हणायची, अहोजाहो करायची. माझ्या वयाच्या माणसाला अरेतुरे ऐकून एवढं बरं वाटू शकतं, हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, उतरेन.

साहेबांनी कागदावरचा खड्डा खोडला आणि थांबले. "बावखल की बावखळ? ल की ळ?" यावर मात्र खरी भांडणं झाली. वरच्या आळीचे ल म्हणतात, चर्चच्या पलीकडचे ळ म्हणतात, आणि दोघंही दुसऱ्याला अडाणी समजतात. माजी नगरसेवक म्हणाले, यावर समिती नेमू. शेवटी कुणीतरी म्हणालं, मराठीच्या मास्तरांना विचारा. मला कुठलाही नियम आठवला नाही. मला तिचं तोंड आठवलं, तो शब्द म्हणताना जीभ कुठे टेकायची ते. मी म्हणालो, ल.

भराव तूर्त थांबवतो, साहेब म्हणाले. पण संक्रांतीच्या आत साफ दिसलं पाहिजे, नाहीतर तक्रार पुन्हा उभी राहील. मेव्हणा तेवढ्यावर राजी झाला. नातीच्या बाबतीत तो अर्ध्या शब्दानंही ढिला पडला नाही, आणि मला त्याचा रागही आला नाही.

ठरल्या रविवारी सकाळी माणसं जमली. आमच्या घरी वर्षाच्या आत काही हौसेचं करायचं नव्हतं, पण काकीनं कुणाला न विचारता काठावर उकडहंडी लावायला घेतली: कोनफळ, रताळी, वालपापडी मडक्यात भरून मडकं उपडं टाकलं आणि वर पालापाचोळा रचून पेटवला. तिनं नुसतं म्हटलं, एवढी माणसं उपाशी राबणार का? धूर आणि धुकं एकात एक मिसळलं. माणसं आवाजांवरून ओळखावी लागत होती. मेव्हण्यानं माझ्या कमरेला दोर बांधला आणि त्याचं दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं.

मी पायऱ्या उतरलो. अंगावर काटा होता, दात वाजत होते. हवेपेक्षा पाणी जास्त बोचणार, या समजुतीनं मी श्वास रोखून पाऊल आत टाकलं.

पाणी कोमट होतं.

गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, सगळं कोमट. मला वाटलं माझा काही भास आहे. मी मागे वळून विचारलं तर धुक्यातून मेव्हण्याचा आवाज आला, "थंडीत असंच असतं. झऱ्याचं आहे ना. आम्ही लहानपणी बाहेर यायचोच नाही." त्या आम्हीमध्ये तीही होती. इतक्या वर्षांत हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं राहिलं असेल, किंवा एवढं तर कुणालाही माहीत असतं असं तिला वाटलं असेल. तिच्याबद्दल अजून काही नवीन कळायचं शिल्लक आहे, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी जलपर्णीचा एक पुंजका दोन्ही हातांनी ओढला. मुळं लांब, काळी, जड होती; ती सुटली तसं खालून मोकळं पाणी वर आलं, आणि मेव्हण्यानं दोर जरा सैल सोडला.