खिळ्यावरची सतरावी चिठ्ठी

सदर इसम, वय अठ्ठावन्न, बांधा किरकोळ, नगरपालिकेच्या पथदिवे विभागात एकतीस वर्षे लिपिक. ओळखीची खूण: उजव्या तर्जनीला खिळा टोचल्याचा जुना व्रण. वर्तणूक समाधानकारक. क्रम मोडून एकही तक्रार निकाली काढल्याची नोंद नाही. सदर इसमावर माझा फार जीव होता. त्यासाठी अर्जात रकाना नाही.

सदर इसम माझे काका.

व्रणाची हकिगत अशी. काकांच्या टेबलावर लाकडी ठोकळ्यात बसवलेला एक उभा खिळा होता. कुठल्या खांबावरचा दिवा गेल्याची तक्रार आली की काका ती वहीत नंबर घालून उतरवायचे आणि चिठ्ठी खिळ्यात टोचायचे. सकाळी वायरमन वरच्या तीन चिठ्ठ्या न्यायचा आणि संध्याकाळी त्यांवर ‘काम झाले’ लिहून, सही करून परत द्यायचा. यात गोम एकच. खिळ्यावर सगळ्यात वर असते ती सगळ्यात शेवटी आलेली चिठ्ठी. जो आधी आला तो तळाशी पडून राहतो. काकांच्या आधी त्या खुर्चीत बसलेल्यांना यात काही वावगं दिसलं नव्हतं. काकांना पहिल्या आठवड्यात दिसलं. तेव्हापासून रोज साडेपाचला, बाकीचे चपला शोधत असताना, काका अख्खी चवड खिळ्यातून उपसायचे आणि जुनी चिठ्ठी वर येईल अशी नव्याने टोचायचे. बोट अधूनमधून मध्ये यायचं.

एखाद्या खांबाची तक्रार आठवड्यात पुन्हा आली, आणि ती बरेचदा यायची, तर काका बल्बच्या दर्जाबद्दल वर पत्र लिहायचे. अशी पत्रं शेकड्यांनी गेली. उत्तर एकाचंही आलं नाही. हे काकांना रीतसरच वाटायचं. उत्तरांचीही कुठेतरी रांग असणार.

घरी आम्ही सात भावंडं आणि न्हाणीघर एक. मी शेंडेफळ, त्यामुळे माझ्या वाट्याला कायम गार पाणी. काकांनी न्हाणीघराच्या दारावर खिळा ठोकला. जो आधी उठेल त्याची चिठ्ठी आधी. दुसऱ्या दिवशी मी अंधारातच उठून बसले. मोठ्या दादाने नेहमीप्रमाणे कोपर मारलं, तेव्हा काका पेपरातून मान न काढता म्हणाले, “नंबर तिचा आहे. तू बस मिशा मोजत.” जगात न्याय असतो अशी माझी समजूत त्या गरम पाण्यात झाली. पुढे ती बरीच वर्षं टिकली.

काकू तोंडाची फटकळ. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर तीन पायऱ्या उतराव्या लागतात, आणि नेमका तिथलाच दिवा गेला. काकांनी जेवणाच्या ताटावर तक्रार ऐकून घेतली, सकाळी कचेरीत जाऊन नंबर घातला. चिठ्ठी साठावी. आल्यागेल्याला काकू सांगायची, “आमच्या ह्यांनी काय दिवे लावलेत ते बघायचं असेल तर येताना बॅटरी आणा.” एक फोन करा, असं माझे वडीलही म्हणाले. काकांनी विचारलं, मग एकोणसाठ जणांना काय सांगू? वडील बॅटरी शोधायला उठले. काकांशी कुणी वाद घालत नसे तो यामुळेच.

चिठ्ठी सतरावी असताना काकू संध्याकाळी त्या पायऱ्यांवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी वय, साखर, हृदय असं सगळं मोजून दाखवलं आणि ऑपरेशन झेपणार नाही म्हणाले. काका तिच्या उशाशी बसून राहायचे. मला एकदा म्हणाले, “वर सोळा जण होते गं. त्यांचेही कोपरे अंधारेच होते ना?” एवढ्या एका वाक्यावर ते उभे होते.

सहाव्या दिवशी चिठ्ठीचा नंबर लागला. संध्याकाळी ती परत आली. काम झाले, खाली सही. काका तशीच खिशात घालून इस्पितळात गेले आणि काकूला म्हणाले, “लागला बघ दिवा. कुणाला न ढकलता लागला.” काकू म्हणाली, “आता मी कुठे तिकडून जाणार आहे?” पण हसली.

परतताना काका कोपऱ्यावर आले. काळोख होता. पायऱ्या त्यांनी भिंतीला हात लावून उतरल्या.

सकाळी त्यांनी वायरमनपुढे चिठ्ठी ठेवली. वायरमन माणूस वाईट नव्हता. कोपरा काकांच्या गल्लीचा, हे त्याला तेव्हा कळलं.

“साहेब, चिठ्ठ्या बघून कधी कुणी गेलंय? मोठ्या साहेबांना फोन येतात, आम्ही तिकडे जातो. चिठ्ठीवर सही करतो, तुमची वही भरते. तुम्ही चवड आवडीने लावून ठेवायचात म्हणून कुणी बोललं नाही.”

मग म्हणाला, “तुम्ही एक शब्द टाकला असतात तर त्याच दिवशी लावला असता. आत्ता लावतो.”

“नको,” काका म्हणाले. त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली. अठ्ठावन्नावा नंबर. ती खिळ्यात तळाशी टोचली.

काकू नऊ दिवसांनी गेली. ती रोज विचारायची, दिवा आहे ना चालू? आणि काका रोज म्हणायचे, आहे. आयुष्यात त्यांनी केलेल्या खोट्या नोंदी तेवढ्याच.

निवृत्तीला सात महिने उरले होते. ते सात महिने रोज साडेपाचला काका चवड उपसून उलटी लावत राहिले. मी कारण विचारलं तर म्हणाले, “दुसरं येतं काय मला?” नंतर दवाखान्यात, बँकेत कुणी मध्ये घुसलं की ते स्वतःहून एक पाऊल मागे सरायचे. असं मागे सरत सरत दोन वर्षांत संपले. न्हाणीघराच्या दारावरचा खिळा त्यांनी आधीच काढून टाकला होता. भोक तसंच आहे.

निवृत्तीच्या वेळी दिलेलं प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. त्यात म्हटलंय की सदर कर्मचाऱ्याच्या कार्यकाळात पथदिव्यांच्या सर्व तक्रारींचे अनुक्रमानुसार व विनाविलंब निराकरण करण्यात आले.

कोपऱ्यावरचा दिवा काकू गेली त्या दुपारी वायरमनने कुणाला न विचारता लावला. फक्त बल्ब गेला होता. शिडी लावून उतरेपर्यंत त्याला सात मिनिटं लागली.