सुभेदारणीचा डावा गुडघा

सुभेदारीण चेंडू कधी मोकळ्या जागेत मारायची नाही. समोरच्या बाईच्या अंगावर मारायची. टेनिसच्या दुहेरीत जाळ्याजवळ एक खेळाडू उभी असते, तिच्या छातीचा किंवा खांद्याचा वेध घेऊन ती फटका हाणायची. "मोकळ्या जागंत मारला की ती पळून आणती," ती म्हणायची. "अंगावर आल्यावर कुठं पळंल?" कुणाला चेंडू लागला तर हात वर करून दिलगिरी दाखवायची रीत आहे. तो हात तिने कधी वर केला नाही.

तिचे वडील, आबा, सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाले होते. रहिमतपूरजवळ त्यांचा ऊस होता. मुलीची चाल, बोलणं, हुकूम सोडणं, सगळं वडिलांवर गेलेलं, म्हणून मीच तिला सुभेदारीण म्हणायला लागले. मी सांगलीची, डॉक्टरांची मुलगी. साताऱ्याला सरावासाठी खोली घेऊन राहिले होते. आमच्या सरांनी आम्हा दोघींची जोडी लावली, कारण दोघींबरोबर खेळायला दुसरं कुणी तयार नव्हतं. तिच्या तोंडामुळे आणि माझ्या घाबरटपणामुळे.

पहिल्याच दिवशी तिने मला जाळ्याजवळ उभं केलं आणि पन्नासेक चेंडू माझ्या अंगावर मारले. मी डोळे मिटत होते. "डोळं उघडं ठेव," ती पलीकडून सांगत होती. "चेंडूनं कुणी मरत न्हाई." माझ्या दंडावर निळे डाग पडले. मी घरी फोन करून रडले. महिन्याभरात मात्र माझे डोळे मिटायचे थांबले. आभार मानायला गेले तर म्हणाली, "तुज्यासाटी न्हाई केलं. तू डोळं मिटलंस की आमी हरतो."

तीन वर्षं आम्ही एकत्र खेळलो. एकमेकींशी गोड असं कधी बोललो नाही. ती माझ्या डब्यातली पोळी न विचारता खायची आणि वर "सांगलीच्या पोळीला दम न्हाई" म्हणायची. मी तिच्या पिशवीतले मोजे फेकून द्यायचे, कारण ते धुतलेले नसायचे.

एका सकाळी सरावात ती घसरली आणि डावा गुडघा आतून फिरला. मी तिला स्कूटरवर दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सहा महिने खेळ बंद सांगितला. बाहेर आल्यावर तिने माझं मनगट धरलं. "आबांना कळलं तर परत साताऱ्याला धाडायचं न्हाईत. सरांना सांगितलंस तर ते आबांना सांगतील. शपथ घे." मी घेतली. तेव्हापासून प्रत्येक सामन्याआधी तिच्या गुडघ्याला पट्टी मी बांधायचे. तिला नीट जमायची नाही. तो पाय पुढे करून भिंतीकडे बघत बसायची. तेवढा वेळ मात्र ती मला एकही शब्द लागेल असा बोलायची नाही.

मग सांगलीत व्यावसायिक महिलांची स्पर्धा आली. परदेशातल्या मुली, क्रमवारीचे गुण, सगळं आमच्या दारात. पहिली फेरी जिंकली तरी क्रमवारीत नाव लागणार होतं. सुभेदारणीला घरून खेळायला आणखी तेवढं एकच वर्ष दिलेलं होतं. नाव नोंदवायच्या दिवशी मी टेबलाशी गेले, तर कागदावर तिचं नाव आधीच होतं, बंगळुरूच्या एका मुलीबरोबर. त्या मुलीची क्रमवारी चांगली होती, आणि जोडीला प्रवेश दोघींची क्रमवारी मिळून ठरायचा.

मी तिला गाठून विचारलं. ती रॅकेटची पकड गुंडाळत होती. वर न बघता म्हणाली, "तुज्यासंगं नाव दिलं असतं तर दोघीबी भाईर. आता एक तरी आत हाय."

"मला सांगायचंस तरी."

"सांगून तू रडली असतीस."

त्याच संध्याकाळी संयोजकांनी स्थानिक खेळाडूसाठी राखलेली जागा मला दिली. हैदराबादची एक खेळाडू जोडीदारीण आजारी पडल्यामुळे एकटी राहिली होती, ती माझ्याबरोबर आली. सोडत निघाली आणि पहिल्याच फेरीत आमच्यासमोर सुभेदारीण.

सामन्याआधी कपडे बदलायच्या खोलीत ती बाकावर बसून गुडघ्याला पट्टी बांधत होती. पट्टी सैल पडत होती, ती सोडून पुन्हा बांधत होती. मी दारात थांबले. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी पुढे झाले नाही. तिनेही बोलावलं नाही.

पहिला सेट त्यांनी सहज घेतला. तिचा एक फटका माझ्या खांद्यावर बसला, एक गळ्याच्या हाडावर. लोक हळहळले. ती पाठ फिरवून जागेवर गेली. सेट संपल्यावर मी रागातच खुर्चीत बसले. मी जोडीदारणीला हिंदीत सांगितलं, की तिच्या डाव्या बाजूला चेंडू आखूड आणि खाली टाक, तिचा गुडघा खराब आहे, वाकता येत नाही. आवाज मी खाली केला नाही. सुभेदारीण शेजारच्या खुर्चीत पाणी पीत होती. बाटली तशीच हातात धरून ती थोडा वेळ थांबली.

दुसरा सेट आम्ही घेतला. निर्णायक टायब्रेकमध्ये आम्हाला एकच गुण हवा असताना माझ्या जोडीदारणीने चेंडू पुन्हा तिच्या डावीकडे, जाळ्यालगत टाकला. सुभेदारीण धावली. पोचलीसुद्धा. चेंडू उचलला आणि तिथेच कोसळली. चेंडू उंच होऊन माझ्यासमोर आला होता. मी मारला. गुण संपल्यावरच तिच्याकडे पाहिलं.

ती कुणाचा हात न धरता उठली. लंगडत जाळ्यापर्यंत आली, पंचांशी हात मिळवला, माझ्या जोडीदारणीशी मिळवला. मला म्हणाली, "शपथ मोडलीस." आणि गेली.

आमच्या खुर्च्यांच्या मागेच बसून सामना बघितलेले तिचे आबा बाहेर तिची पिशवी खांद्याला लावून उभे होते. मला थांबवून त्यांनी विचारलं, "गुडघ्याचं तुला ठावं हुतं का, पोरी?"

"हो."

"कवापास्नं?"

"वर्ष झालं."

त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "वर्सभर आमाला सांगितलं न्हाईस. आन् आज सांगितलंस ते तिच्या इरोधात खेळणारीला." त्यांचा आवाज चढला नव्हता.

तिची शस्त्रक्रिया झाली, खेळ संपला. मीही दोन वर्षांत थांबले. ती रहिमतपूरला एका शाळेत खेळाची शिक्षिका झाल्याचं कळलं, तेव्हा दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी गेले. ती मैदानावर मुलींना पळवत होती. पाय ताठ टाकत होती. मी माफी मागायला सुरुवात केली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "खेळात मोडतं. मी तुज्या गळ्यावर मारलाच की चेंडू. पन सा महिनं मी घरात पडून हुते. सांगलीस्नं गाडी थेट येती हितं. एकदाबी बसली न्हाईस."

"तोंड दाखवायची हिंमत झाली नाही."

"मग आज कशाला दाखिवलंस?" तिने शिट्टी फुंकली आणि मुलींकडे गेली.

पुढच्या वर्षी त्याच शनिवारी पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही. ती बस म्हणत नाही, चहा विचारत नाही. मुलींच्या सर्व्हिसमध्ये काय चुकतंय ते मला ऐकू जाईल असं सांगते, आणि मला ते पटलं नाही तर मी बोलते. मग भांडण होतं. मुली बघत उभ्या राहतात.

यंदा पॅसेंजर दोन तास उशिरा पोचली. शाळा सुटून गेली होती. मैदानावर कुणी नव्हतं. ती पायरीवर ताठ पाय पुढे पसरून एकटीच बसली होती. मला फाटकात बघितल्यावर कठड्याला धरून उठली.

"तुला येळंचं भान न्हाई," म्हणाली. फाटकाला कुलूप लावलं आणि घराकडे चालू लागली. मीही तिच्या मागोमाग निघाले. तिने मला परत जा म्हटलं नाही.